दगडाचं माहेर

(आखाडा बाळापूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथं जमतो, ते आम्हाला भूगोल शिकवायचे. १९६५-६६ च्या आसपासची गोष्ट. त्यांच्या कपाटात एक पत्र्याची पेटी असायची आणि पेटीत दगड. प्रत्येक दगडाला दोऱ्यानं बांधलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर दगडाचं नाव नसायचं, दोन ओळी असायच्या. पहिली, 'सापडला'. दुसरी, 'मूळ गाव'. पहिल्या ओळीपुढं गुरुजींच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असे, 'कयाधूचं पात्र', 'देगलूर', 'घुग्घुस'. दुसरी ओळ बहुतेक चिठ्ठ्यांवर कोरीच होती.

मी एकदा धीर करून विचारलं, "गुरुजी, दगड जिथं सापडला तेच त्याचं गाव ना?" ते हसले. म्हणाले, "तुझी आजी पन्नास वर्षं बाळापुरात राहती. म्हणून तिचं माहेर पुसलं का?"

उत्तर मला तेव्हा अर्धंच कळलं. पुढं भूगर्भशास्त्र शिकलो, शिकवलं, आणि लक्षात आलं की माझ्या सगळ्या विषयाचा प्रश्न गुरुजींनी त्या कोऱ्या ओळीत लिहून ठेवला होता. दगड आज कुठं पडलाय याला फार महत्त्व नाही. तो जन्मला तेव्हा ती जमीन कोणत्या अवस्थेत होती, ताणली जात होती, दाबली जात होती की दुसऱ्या जमिनीखाली चालली होती, हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. ते वाचता आलं की माहेर कळतं. आज आपण गुरुजींच्या काही चिठ्ठ्या भरून टाकू.

गुरुजींनी त्या ओळी कोऱ्या ठेवल्या यात त्यांचा दोष नव्हता. पृथ्वीचं कवच मोठमोठ्या तुकड्यांत विभागलेलं आहे आणि ते तुकडे सरकतात, हा भूपट्टांचा सिद्धांत १९६७-६८ च्या सुमाराला आकाराला आला. त्याआधी खंडं सरकतात असं वेगेनर या शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये मांडलं होतं, पण ती सरकतात कशी हे सांगता न आल्यानं बहुतेकांनी ते हसण्यावारी नेलं. निकाल लावणाऱ्या पुराव्यांपैकी एक तर आपल्याच समुद्रातला. अरबी समुद्राच्या दक्षिणेला कार्ल्सबर्ग नावाची बुडालेली पर्वतरांग आहे. तिच्या खडकांतल्या चुंबकत्वाची मापं घेऊन व्हाइन आणि मॅथ्यूज या दोघा संशोधकांनी १९६३ मध्ये दाखवलं की समुद्राचा तळ तिथं मधोमध फाटतो आणि नवा दगड भरत दोन्हीकडं पसरतो. म्हणजे गुरुजी बाळापुरात चिठ्ठ्या लिहीत होते त्याच काळात त्या भरायची शाई तयार होत होती.

आपला काळा दगड

सुरुवात घरापासून करू. आपल्या शिवारात विहीर खणली तर काय लागतं, हे माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. वर काळी माती, तिच्यात चुनखडीचे खडे. मग मुरूम. मग मांजऱ्या, भोकाभोकांचा, भोकांत पांढरे खडे भरलेला, पहारीला दाद देणारा. आणि मग काळा पाषाण, ज्यावर पहार आपटली की ठिणगी उडते आणि खणणाऱ्याचं तोंड उतरतं. काही ठिकाणी दोन कातळांच्या मध्ये तांबड्या मातीचा एक पट्टा लागतो.

ही सगळी एकाच दगडाची रूपं आहेत, बेसाल्टची. लाव्हा जमिनीवर पसरला, त्यातला वायू बुडबुडे होऊन वर चढला आणि वरचा भाग थिजताना ते बुडबुडे तिथंच अडकले. तो मांजऱ्या. पुढं भोकांतून पाणी झिरपलं आणि त्यात गारगोटी, झिओलाइट असे पांढरे खडे धरले. लाव्ह्याच्या थराचा आतला भाग घट्ट थिजला, तो काळा पाषाण. तांबडा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधली विश्रांती. एक थर थिजला, ऊन-पावसानं त्याची माती झाली, आणि त्या मातीवर दुसरा लाव्हा येऊन तिला भाजून गेला. शिवारातली विहीर ही अशी वरून खाली वाचायची पोथी आहे.

पण हा लाव्हा आला कुठून? खाली तप्त लाव्ह्याचा समुद्र आहे आणि जमीन फुटली की तो वर येतो, असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलेलं असतं. तसं नाही. कवचाखालचं प्रावरण हे प्रचंड तापलेलं असूनही घन आहे, कारण वरचा भार त्याला वितळू देत नाही. घन दगडाला वितळवायच्या तऱ्हा तीन. उष्णता वाढवा, भार कमी करा, किंवा पाणी घाला. जगातल्या अग्निज खडकांच्या माहेराचा बहुतेक हिशेब या तीन तऱ्हांत बसतो, म्हणून त्या लक्षात ठेवा.

आपल्या दगडाची तऱ्हा दुसरी, भार कमी होण्याची. कुकरमधलं पाणी शंभर अंशांच्या वर तापलं तरी दाबामुळं उकळत नाही, पण शिटी उचलली की एकदम उसळी घेतं. प्रावरणाचा तापलेला भाग वर सरकला की त्याच्यावरचा भार उतरतो आणि तो थोडा वितळतो. सगळा नाही, थोडाच. लोणी कढवलं की तूप वेगळं होतं आणि बेरी खाली राहते, तसं. ते वर आलेलं तूप म्हणजे बेसाल्ट.

प्रावरण असं वर येतं ते मुख्यतः दोन जागी. एक, जिथं दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात. कार्ल्सबर्गसारख्या समुद्रातल्या रांगा या त्याच्या. दुसरी, भूपट्टाच्या मध्येच, जिथं खोलवरून उष्णतेचा एक खांब वर चढतो. आपला दगड या दुसऱ्या जातीचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूपट्ट अशा एका उष्ण जागेवरून चालला होता. ती जागा म्हणजे आजचं रियुनियन बेट, मॉरिशसच्या शेजारचं, विषुववृत्ताच्या दक्षिणेला. तिथला ज्वालामुखी अजून जिवंत आहे. भूपट्ट त्या जागेवरून उत्तरेकडं सरकत गेला आणि मागं लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बेटांची रेघ उमटली. या उष्ण खांबाबद्दल काही अभ्यासकांना आजही शंका आहे, पण रेघ कोणालाच पुसता आलेली नाही.

जमीन तेव्हा दक्षिण गोलार्धात होती याचा पुरावा दगडानंच जपला आहे. लाव्हा थिजताना त्यातले लोहाचे कण त्या जागच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेला धरून बसतात, होकायंत्राची सुई एकदा चिकटवून टाकावी तसे. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या संशोधकांनी १९५६ मध्ये दख्खनच्या दगडातली ती सुई वाचली आणि ती विषुववृत्ताच्या दक्षिणेची निघाली. म्हणजे गुरुजींच्या पेटीतल्या पहिल्या दगडाची चिठ्ठी अशी भरावी : सापडला, कयाधूचं पात्र. मूळ गाव, रियुनियनचा समुद्र.

हा लाव्हा आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर उरलाय. औंढ्याच्या नागनाथाचं देऊळ याच दगडाचं, तुमच्या घरचा पाटा-वरवंटा याच दगडाचा, आणि ज्या काळ्या मातीत हळद-कापूस येतो ती याच दगडाची राख-रांगोळी.

पायाखालचं जुनं घर

२१ मार्च २०२४ ची पहाट इथं बसलेल्या कोणीच विसरलेलं नसेल. सहा वाजून गेले होते. भांडी वाजली, पत्रे खडखडले, माणसं लेकरांना घेऊन अंगणात आली. ४.५ तीव्रतेचा धक्का, पाठोपाठ ३.६ चा. केंद्र आपल्या कळमनुरी तालुक्यातच. पुन्हा १० जुलैला सकाळी ४.५ चा, रामेश्वर तांड्याजवळ. त्याआधीपासून वसमत, औंढा, कळमनुरीकडच्या गावांना जमिनीतून गूढ आवाज ऐकू येत होते.

तेव्हा मला अनेकांनी विचारलं, "सर, ज्वालामुखी परत जागा होतोय का?" नाही. त्या ज्वालामुखीचं चुलाण आपण कधीच हजारो किलोमीटर मागं टाकून आलो. हे धक्के काळ्या दगडाच्या खालून, त्याहून फार जुन्या घरातून येतात.

किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर तिथं जमिनीला ६१७ मीटर खोल छिद्र पाडलं गेलं. ३३८ मीटरपर्यंत बेसाल्ट लागला, मग आठ मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या कुळातला जुना खडक. कोयनेजवळ गोठण्याला २०१७ मध्ये तीन किलोमीटरचं छिद्र पुरं झालं. तिथं बेसाल्ट १,२४७ मीटर जाड निघाला आणि त्याखाली पुन्हा तोच जुना खडक. म्हणजे पश्चिमेला जाड आणि पूर्वेकडं पातळ होत गेलेली ही लाव्ह्याची गोधडी आहे. गोधडीखाली कोण झोपलंय ते बघायचं तर फार लांब जायला नको. नांदेडहून देगलूर-बिलोलीकडं निघा. गोधडीचा काठ संपतो आणि शेतांत एकावर एक रचल्यासारखे गोल, तांबूस-राखाडी धोंडे दिसू लागतात. तो ग्रॅनाइट, वय सुमारे अडीचशे कोटी वर्षं.

ग्रॅनाइट हातात घेतला की गुलाबी, पांढरे, काळे स्फटिक डोळ्यांनी वेगळे दिसतात. बेसाल्टमध्ये दिसत नाहीत. पाक पटकन गार केला तर बारीक साखर पडते. दोरा सोडून दिवसच्या दिवस ठेवला तर खडीसाखर धरते. बेसाल्ट उघड्यावर झटपट थिजला. ग्रॅनाइट जमिनीखाली किलोमीटरच्या किलोमीटर खोल, लाखो वर्षं सावकाश थिजला. आज तो शेतात उघडा पडलाय याचाच अर्थ त्याच्यावरचे ते सगळे किलोमीटर झिजून वाहून गेले.

त्याचं माहेर वितळण्याच्या तिसऱ्या तऱ्हेशी जोडलेलं आहे, पाण्याच्या. गुळाचा खडा कोरडाच तव्यावर ठेवला तर करपतो. चमचाभर पाणी घातलं की कमी आचेवरही पाक होतो. समुद्राचा तळ दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतो तेव्हा तो आपल्याबरोबर पाणी घेऊन जातो. खोल गेल्यावर ते पाणी निसटून वरच्या प्रावरणात शिरतं आणि तिथला दगड वितळतो. तो वितळलेला रस कवचातून वर येता येता, जुना दगड सोबत वितळवत, हलका आणि गारगोटीनं भरलेला होत जातो. खंडं अशी वाढतात. अडीचशे कोटी वर्षांपूर्वी भूपट्ट आजच्यासारखेच वागत होते का, यावर विद्वानांत वाद आहे; पण देगलूरच्या धोंड्याच्या कुळात कधीतरी बुडत्या समुद्रतळाचं पाणी मुरलेलं आहे असं बहुतेकांना वाटतं.

हे जुनं घर मजबूत असलं तरी त्याला जुन्या भेगा आहेत. आपला भूपट्ट आजही वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर वेगानं उत्तरेकडं सरकतो आणि हिमालयाशी जाऊन अडतो. त्या अडण्याचा ताण सगळ्या द्वीपकल्पात साचतो आणि एखादी जुनी भेग कधीतरी जराशी सरकते. किल्लारीचं, आणि आपल्या कळमनुरीचंही, आज मानलं जाणारं कारण हे आहे. हजाराहून अधिक किलोमीटरवरच्या रेट्यानं बाळापुरातलं भांडं वाजतं.

कयाधूच्या पाण्यामागं

आता मी तुम्हाला प्रवासाला नेतो. गाडीभाडं लागणार नाही. आपल्या कयाधूच्या पाण्याचा एक थेंब धरायचा आणि त्याच्या मागं जायचं. ही नदी नरसी नामदेवावरून येते, आपल्या भागातून जाते आणि पुढं पैनगंगेला मिळते. सहस्रकुंडाला पाणी काळ्या कातळावरून उडी घेतं. उनकेश्वरच्या गरम कुंडाजवळून ते यवतमाळ आणि आदिलाबादच्या हद्दीवर येतं. इथं काठचा दगड बदलतो.

मुकुटबन, कोरपना, गडचांदूरकडं चुनखडकाचे आडवे, पातळ पातळ थर दिसू लागतात, राखाडी, गुलाबी, काही काळे. त्यांवर सिमेंटचे कारखाने उभे आहेत. भूगर्भशास्त्रात या थरांना नावच 'पैनगंगा गट' असं आहे. आपल्या नदीचं नाव जगभरच्या पुस्तकांत गेलं ते या दगडामुळं. वय साधारण शंभर कोटी वर्षं. हा चिखल एका शांत, खोल समुद्रात तळाशी बसला होता. आज जवळचा समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. मग यवतमाळमध्ये समुद्र आला कसा?

भाकरी थापताना मध्ये जास्त दाबली की तिथं पातळ होते आणि मग चिरते. खंडही ताणलं जातं तेव्हा आधी पातळ होतं, पातळ झालेला भाग खचतो, त्या खळग्यात समुद्र शिरतो. कधी चीर पुरी फाटून दोन खंडं वेगळी होतात, कधी अर्ध्यावरच थांबते. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातली ही चीर अर्ध्यावर थांबलेली. पण एकदा उसवलेलं कापड पुन्हा तिथंच उसवतं. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी तीच चीर परत ताणली गेली आणि खचत्या खोऱ्यात गाळ आणि जंगलं गाडली गेली. त्यांचा दगडी कोळसा झाला. वणी, घुग्घुस, चंद्रपूरच्या खाणी या त्या चिरेत बसल्या आहेत. चंद्रपूरच्या वीज केंद्रात जळतो तो हा कोळसा. सभेतला हा दिवा त्यावर पेटलाय की नाही ते मला सांगता येणार नाही, पण कुळ हेच.

इथं एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढं जाववत नाही. पैनगंगा वर्धेला मिळते त्याच्या जरा अलीकडं इरई नावाचं गाव आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फ्रान्सिस फेडन यांना तिथं नदीच्या पात्रात चुनखडकाचा एक गुळगुळीत सपाट पृष्ठभाग सापडला, त्यावर एकाच दिशेनं ओढलेले ओरखडे, आणि वर वेगवेगळ्या जातींच्या धोंड्यांनी भरलेला चिखलाचा थर. १८७५ मध्ये त्यांनी ते छापलं. असे ओरखडे बर्फ काढतो. उन्हाळ्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या चंद्रपुरात एके काळी हिमनदी सरकत होती, आणि तिनं आपल्या पैनगंगेच्या दगडावर सही करून ठेवली. कारण ती जमीन तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या जवळ होती, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियाला चिकटलेली. एकाच जागी बघा : खाली समुद्राचा चुनखडक, त्यावर बर्फाचा ओरखडा, वर जंगलाचा कोळसा. नदीनं तिन्ही माहेरवाशिणींना एकाच ओट्यावर बसवलंय.

वर्धेतून प्राणहिता, आणि सिरोंच्याला गोदावरी. तेलंगणातून ती आंध्रात उतरते आणि पापीकोंडाच्या डोंगरात शिरते. दोन्हीकडं उंच कडे, मध्ये अरुंद पाणी. इथला दगड पुन्हा वेगळा : पट्ट्यापट्ट्यांचा, लाल मण्यांसारखे गार्नेटचे दाणे भरलेला. त्याला खोंडालाइट म्हणतात, ओडिशातल्या खोंड आदिवासींवरून. कोणार्कचं सूर्यमंदिर याच दगडाचं.

हा मुळात चिखल आणि वाळूचा गाळ होता. दोन खंडं एकमेकांवर आदळली तेव्हा तो मध्ये सापडला आणि दाबत दाबत खोल गेला. वीटभट्टीत माती वितळत नाही, पण परत माती राहतही नाही. तसाच हा गाळ नऊशे अंशांच्या आसपास भाजला गेला, त्यातल्या खनिजांनी रूप बदललं, कण दाबाला आडवे होऊन पट्ट्यांत बसले. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी भारत आणि पूर्व अंटार्क्टिका एकमेकांना भिडले त्या वेळची ही भट्टी. आज हिमालयाच्या पोटात तेच चालू आहे. तिकडं भट्टी अजून पेटलेली, इकडं झिजून तिचा तळ उघडा पडलेला. हिमालय कोट्यवधी वर्षांनी कसा दिसेल हे बघायचं असेल तर पापीकोंडाच्या नावेत बसावं.

नाव पुढं गेली की डोंगर संपतात आणि गोदावरी सपाटीवर येते. राजमहेंद्री. समुद्र आता जवळ. आणि इथं, काठापासून थोड्या अंतरावरच्या खाणीत, काय दगड लागावा? काळा बेसाल्ट. आपला.

एका वाक्यात सांगितलं म्हणून ही साधी गोष्ट समजू नका. मधल्या साऱ्या वाटेवर ग्रॅनाइट, चुनखडक, कोळसा, खोंडालाइट, आणि मुख्य दख्खनच्या पठारापासून शेकडो किलोमीटर तुटलेला हा काळ्या दगडाचा तुकडा. त्याचं वय तेच. त्यातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण महाबळेश्वरच्या काही थरांशी जुळतं. चुंबकाची सुईही जुळते. भूशास्त्रज्ञ स्टीफन सेल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलं की पश्चिमेकडं फुटलेला लाव्हा त्या काळच्या नदीखोऱ्यांतून वाहत सुमारे एक हजार किलोमीटरवरच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचला असावा. तसं असेल तर जगातले ते सर्वांत लांब लाव्ह्याचे ओघ ठरतील. म्हणजे आपला थेंब ज्या दिशेनं गेला, त्या दिशेनं आग आधीच जाऊन आली होती.

समुद्राच्या पलीकडं

गोदावरी संपली तरी गोष्ट संपत नाही. बंगालच्या उपसागराचा तळ हाही दगडच आहे आणि तो आपल्या पठाराहून जुना. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी भारत अंटार्क्टिकापासून सुटला. ती चीर मात्र पुरी फाटली आणि मधल्या फटीत नवा बेसाल्ट भरत गेला. वितळायची तऱ्हा तीच, भार उतरण्याची, पण माहेर वेगळं : समुद्रातली पसरणारी रांग. कयाधूनं वाहून नेलेल्या काळ्या मातीचा कण शेवटी त्या तळावर जाऊन बसतो.

आणि तो तळ पूर्वेकडं अंदमानच्या खाली घुसतोय. पाणी घेऊन. त्याचा परिणाम पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर धुमसतोय, बॅरन बेटावर. भारतातला आज जिवंत असलेला हा एकमेव ज्वालामुखी. १७८७ मध्ये जहाजावरच्या लोकांनी त्याचा उद्रेक पाहिला, नंतर दीर्घकाळ तो शांत राहिला, आणि १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. तिथं थिजणाऱ्या दगडाच्या जन्मात पाण्याचा हात आहे. अडीचशे कोटी वर्षांपूर्वी देगलूरचा धोंडा ज्या तऱ्हेनं घडायला लागला असावा, ती तऱ्हा आज तिथं चालू आहे.

आता मोजा. उष्ण जागा, ताणून अर्धी राहिलेली चीर, खंडांची टक्कर, पुरी फाटलेली चीर, आणि बुडता समुद्रतळ. भूपट्टांच्या पुस्तकातली जवळजवळ सगळी प्रकरणं कयाधूच्या एका थेंबाच्या वाटेवर आहेत.

माहेर ओळखायचं कसं

विद्यार्थी विचारतील, "हे सगळं ठीक, पण काळा बेसाल्ट आणि काळा बेसाल्ट, दोन्ही सारखेच दिसतात. रियुनियनचा कोणता, अंदमानचा कोणता, हे कळतं कसं?" बरोबर प्रश्न. बाई कितीही वर्षं सासरी राहिली तरी बोलण्यात माहेरचा एखादा शब्द राहतोच. दगडात तो शब्द म्हणजे अत्यल्प प्रमाणातली मूलद्रव्यं. पिअर्स आणि कॅन या संशोधकांनी १९७३ मध्ये टायटॅनियम, झिर्कोनियम, इट्रियम यांच्या प्रमाणावरून बेसाल्टची माहेरं वेगळी करून दाखवली. बुडत्या तळावरच्या लाव्ह्यात नायोबियम आणि टायटॅनियम कमी पडतं, कारण पाण्याबरोबर ती मूलद्रव्यं फारशी वर येत नाहीत, खालीच राहतात.

पण इथं जपून. उष्ण जागेवरचा लाव्हा वर येताना वाटेत जुन्या ग्रॅनाइटचे लचके वितळवून घेतो आणि मग बुडत्या तळासारखं बोलू लागतो. दख्खनच्या काही थरांनी असंच केलंय. म्हणून एका शब्दावर माहेर ठरवत नाहीत. स्फटिक बघायचे, थर बघायचे, शेजारी कोण आहे ते बघायचं, वय काढायचं, सुई वाचायची, आणि मग बोलायचं. आमच्या विषयात चुका होतात त्या बहुधा घाई करणाऱ्याच्या.

विहिरींची वही

याचा आपल्याला उपयोग काय, हे कोणीतरी विचारणारच, आणि विचारावं. दुष्काळी भागात बोअर पाचशे फूट जाते आणि कोरडी निघते, तेव्हा आपण नशिबाला किंवा पाणाड्याला बोल लावतो. काळ्या पाषाणाला स्वतःची भोकं नाहीत. पाणी असतं ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. आपला दगड थरांचा आहे, कारण त्याचं माहेर थरांचं आहे. कोणता थर किती खोलीवर आहे हे ज्या गावाला ठाऊक, त्या गावाचे पैसे वाचतात.

म्हणून माझी एक मागणी आहे. गुरुजींच्या नावानं पुतळा नको, कमान नको. इथल्या शाळेत एक वही सुरू करा. गावात विहीर किंवा बोअर झाली की पोरांनी तिथं जायचं आणि लिहायचं : किती फुटांवर मुरूम, किती फुटांवर मांजऱ्या, तांबडा पट्टा लागला का, पाणी कुठं लागलं. धक्का जाणवला की तारीख, वेळ, कोणत्या दिशेची भांडी पडली तेही. खर्च एका वहीचा. वीस वर्षांनी त्या वहीत बाळापूरच्या पोटाचा जो नकाशा असेल, तो आज कोणत्याच कार्यालयात नाही असं मी पैजेवर सांगतो.

येताना मी गुरुजींची पेटी बघून आलो. दोरे कुजलेत, पण चिठ्ठ्या वाचता येतात. घुग्घुसचा कोळसा, देगलूरचा धोंडा, कयाधूचा काळा गोटा, तिघांच्या दुसऱ्या ओळी मी आज पेन्सिलीनं भरल्या. पेन मुद्दाम वापरला नाही. पुढं कोणाला चूक सापडली, तर खोडून नीट लिहिता यावं.